कुर्तुब्याच्या गल्ल्यांतून

कुर्तुबा हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले ते अब्बांच्या तोंडून. अब्बा साखर कारखान्यात कारकून. दिवसभर उसाच्या वजनाच्या पावत्या मराठीत लिहायच्या आणि रात्री जेवण झाले की कंदिलाजवळ बसून इक्बाल वाचायचे, असा त्यांचा शिरस्ता. इक्बाल १९३३ साली स्पेनला गेले, तिथली मशीद त्यांनी पाहिली आणि तिच्यावर लिहिलेली त्यांची दीर्घ कविता १९३५ साली ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये आली. अब्बा ती मोठ्याने वाचत. मध्येच थांबून चष्मा पुसत. आम्हां भावंडांची उर्दू बेताची. घरात दखनी, शाळेत मराठी. कवितेतले निम्मे शब्द डोक्यावरून जात. शेवटी पुस्तक मिटून अब्बा एवढेच म्हणत, “अपनी मस्जिद थी वो, बेटा.” त्या ‘अपनी’मध्ये ते नेमके काय धरत होते, हे विचारायचे राहून गेले.

पुढे आम्ही तीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवला. या तीस वर्षांत एक वाक्य इतक्यांदा ऐकले की त्याची मोजदाद सोडून दिली: “सर, तुम्ही मराठी किती छान बोलता!” बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, म्हणून रागावताही येत नाही. आणि मोहल्ल्यात परतावे तर तिथले बुजुर्ग म्हणणार, “मास्टर, घर में तो अपनी ज़बान बोलो.” इकडे आमचे मराठी हे नवल, तिकडे तीच आमची चूक. या अंकाच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. ‘आपले’ म्हणजे काय, हा प्रश्न असा आमच्याबरोबर निवृत्तीपर्यंत आला आणि निवृत्तीनंतर आमच्याबरोबर विमानातही बसला.

लेक नोकरीनिमित्त माद्रिदला राहते. तिला सुटी नव्हती आणि आम्हांला धीर नव्हता. मार्च महिन्यातल्या एका सकाळी तिने आम्हांला आगगाडीत बसवून दिले. पावणेदोन तासांत कोर्दोबा आले. स्पॅनिश लोक आमच्या कुर्तुब्याला कोर्दोबा म्हणतात. भाषा येत नाही, सोबत कोणी नाही, हातात एक नकाशा. तीन दिवस आम्ही हे शहर पायी पाहिले. एकट्या माणसाचे एक बरे असते. पाय दुखले की थांबता येते आणि एखाद्या दगडासमोर अर्धा तास उभे राहिले तरी कोणी घड्याळ दाखवत नाही.

स्टेशनपासून जुन्या शहरापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटे. बागेतून दक्षिणेकडे गेले की जुना तट लागतो आणि त्यात अल्मोदोवारचा दरवाजा. दरवाजापाशी सेनेकाचा पुतळा आहे. हा रोमन तत्त्वज्ञ याच गावचा, इस्लामच्या कितीतरी आधीचा. तटाच्या कडेने थोडे पुढे गेले की हातात पुस्तक घेऊन बसलेले इब्न रुश्द भेटतात. तटाच्या आत गल्लीत शिरले की एका लहानशा चौकात यहुदी धर्मपंडित मूसा बिन मैमून, म्हणजे युरोपचा मायमोनिडीज, बसलेला. येणारे-जाणारे त्याच्या पायाला हात लावून जातात. तिन्ही पुतळे १९६०च्या दशकातले. एक रोमन, एक मुसलमान, एक यहुदी. त्यांना उभे केले कॅथलिक शहराने. पहिल्या तासातच वाटले, अब्बांचे ‘अपनी’ इथे जरा जपून वापरावे लागणार.

इब्न रुश्दांसमोर आम्ही बराच वेळ बसलो. त्यांचा जन्म ११२६ सालचा. आजोबा कुर्तुब्याचे काझी, पुढे स्वतः इब्न रुश्दही काझी झाले. अ‍ॅरिस्टॉटलवर त्यांनी इतकी भाष्ये लिहिली की युरोपात त्यांना नुसते ‘भाष्यकार’ म्हणत. हे आम्ही वर्गात शिकवत होतो. ११९५ साली काय झाले, ते मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते. त्या साली अलमोहाद खलिफाने त्यांना हद्दपार करून लुसेना या गावी धाडले आणि त्यांची तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळायला लावली. जाळणारे परके नव्हते. मृत्यूच्या थोडे आधी त्यांना माफी मिळाली. ११९८ साली मराकेशला ते वारले आणि नंतर त्यांचे शव कुर्तुब्याला आणले गेले. इब्न अरबी त्या वेळी तिथे हजर होते. जनावराच्या पाठीवर एका बाजूला ताबूत होता आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला त्यांचेच ग्रंथ बांधले होते, असे इब्न अरबींनी लिहून ठेवले आहे.

ते ग्रंथ पुढे कुठे गेले? बरेचसे हिब्रू आणि लॅटिनमध्ये. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वरचे त्यांचे भाष्य अरबीत आज उपलब्धच नाही, ते उरले आहे फक्त हिब्रू अनुवादात. आणि त्या यहुदी पंडिताचे पाहा. अलमोहादांच्या जाचाने मूसा बिन मैमूनच्या घराण्याला कुर्तुबा सोडावे लागले. तो कैरोला गेला, सलाहुद्दीनच्या दरबारी हकीम झाला आणि आपला सर्वांत मोठा तात्त्विक ग्रंथ त्याने लिहिला तो अरबी भाषेत, हिब्रू लिपीत. मुसलमानाचा विचार हिब्रूने सांभाळला, यहुद्याचा विचार अरबीने. आपल्याकडे भाषेला आणि लिपीला धर्माची पाटी लावणारे जे विद्वान आहेत, त्यांना या चौकात आणून बसवावे असे वाटले.

चौकापासून चार पावलांवर जुने सिनेगॉग आहे. १३१५ सालचे, एका खोलीएवढेच. भिंतीवर हिब्रू आयती आणि त्यांच्याभोवती नक्षी मात्र मशिदीत असते तशी, वेलबुट्टीची. तोवर कुर्तुबा ख्रिस्ती राजाच्या हाती जाऊन एकोणऐंशी वर्षे झाली होती, तरी गवंड्याच्या हाताला तेच वळण होते. १४९२ साली यहुद्यांना स्पेनमधून घालवले. मग या जागेत आधी इस्पितळ झाले, पुढे चांभारांच्या पंचायतीचे प्रार्थनास्थळ. चुन्याखाली झाकली गेलेली अक्षरे एकोणिसाव्या शतकात पुन्हा उजेडात आली.

दुसऱ्या दिवशी मशीद. सकाळी लवकर गेलो. आधी नारिंगाच्या झाडांचे मोठे अंगण लागते. मार्चमध्ये झाडे फुललेली असतात. या फुलांना स्पॅनिशमध्ये ‘असाआर’ म्हणतात. अरबी ‘अज़-ज़हर’, म्हणजे फूल. आमच्या कानाला आधी ‘जहर’च ऐकू आले आणि एकट्यालाच हसू आले.

आतले काय सांगावे! साडेआठशेच्या वर खांब, त्यांवर दुहेरी कमानी, एक पट्टा तांबडा, एक पांढरा. नजर जाईल तिकडे खांबांचे रान. अब्दुर्रहमान पहिल्याने ७८५-८६ साली बांधकाम सुरू केले तेव्हा खांब आणले ते रोमन आणि व्हिसिगॉथ काळातल्या पडक्या इमारतींमधून. ते उंचीला कमी पडले म्हणून कमानीवर कमान चढवली. जगभर वाखाणली गेलेली ही दुहेरी कमान म्हणजे एका अडचणीवर काढलेला उपाय. पुढे दोनशे वर्षे मशीद वाढत गेली. हकम दुसऱ्याने मेहराब सजवला तेव्हा काचेच्या सोनेरी तुकड्यांचे काम बायझंटाइन कारागिराकडून करून घेतले. म्हणजे मेहराबावरच्या कुराणाच्या आयतींना सोनेरी झळाळी आली ती ख्रिस्ती साम्राज्यातून आलेल्या काचेची. अनेक खांबांवर कारागिरांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. खलिफांची नावे आम्हांला पाठ होती. या नावांचा मात्र आम्ही कधी विचारच केला नव्हता.

आणि या रानाच्या मधोमध एक अख्खे कॅथेड्रल उभे आहे. १२३६ साली फर्नांदो तिसऱ्याने शहर घेतले तेव्हाच मशिदीचे चर्च झाले. मधले खांब पाडून हे उंच बांधकाम सुरू झाले ते मात्र १५२३ साली. त्या वेळी शहराच्या नगरसभेने कडाडून विरोध केला. जो कोणी मजूर पाडकामाला हात लावील त्याला देहदंड, असे फर्मानच काढले. हे नगरसभेचे सभासद सगळे ख्रिस्ती होते. शेवटी सम्राट चार्ल्स पाचव्याने चर्चच्या बाजूने कौल दिला आणि नंतर ते काम पाहून त्याला पस्तावा झाला, असे सांगतात.

मेहराबासमोर लोखंडी कठडा आहे. मुसलमानांना इथे नमाजाची परवानगी नाही. आम्ही हात खाली सोडून उभे राहिलो. अब्बांच्या वतीने पाहून घ्यायचे होते, ते पाहिले. डोळे भरून आले हे खरे. पण त्याच जागी आणखी एक गोष्ट आठवली, ती इथे सांगणे भाग आहे.

मन्सूर या बलाढ्य वजिराने या मशिदीची शेवटची मोठी वाढ केली. त्याच मन्सूरने ९९७ साली उत्तरेकडचे सांतियागो लुटले आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कुर्तुब्याला आणवल्या. मशिदीत त्यांचे दिवे करून टांगले. १२३६ साली फर्नांदोने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या. राज्य बदलले, पण ओझे कैद्यांच्या खांद्यावरच राहिले. इतिहास शिकवताना आम्ही नेहमी विचारायचो की कोण जिंकले. घंटा कोणी वाहिल्या, असे विचारायला हवे होते.

याच मन्सूरने हकमच्या ग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची आणि ज्योतिषाची पुस्तके धर्मपंडितांना खूश करण्यासाठी जाळली. त्या ग्रंथालयाची नुसती सूची चव्वेचाळीस वह्यांची होती, असे जुने इतिहासकार सांगतात. मशिदीच्या आधी त्या जागी चर्च होते का आणि कसे होते, यावरही अभ्यासकांत वाद चालू आहे. तो वाद ऐकताना आपल्याला फार लांब आल्यासारखे वाटत नाही. आम्ही त्या वादात पडलो नाही. एवढेच कळले की या जमिनीत ज्याने त्याने खोदावे आणि आपल्याला हवा तो थर लागला की थांबावे, असे चालत आले आहे.

संध्याकाळी नदीवर गेलो. नदीचे नाव ग्वादाल्कीविर. नकाशावर ते वाचत होतो तेव्हा परके वाटले होते. पुलावर उभे राहून दोनदा मोठ्याने म्हटले आणि उलगडले: ‘वादी अल-कबीर’, मोठी नदी. रोमनांच्या काळापासूनचा सोळा कमानींचा पूल, आता फक्त पायी चालणाऱ्यांचा. पुलाजवळ काठावर एक भलामोठा लाकडी रहाट उभा आहे. राणी इसाबेलाने त्याच्या करकरीने झोप मोडते म्हणून तो काढायला लावला, अशी गोष्ट सांगतात. आजचा रहाट नंतर पुन्हा उभारलेला. स्पॅनिशमध्ये त्याला ‘नोरिया’ म्हणतात, अरबी ‘नाऊरा’वरून. इथे आम्ही खिशातली वही काढली आणि शब्द लिहायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, जिथे उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी कॉफी पुढे ठेवली आणि विचारले, “असूकार?” आम्ही गोंधळलो. त्यांनी साखरेचे भांडे पुढे केले. संस्कृतातली शर्करा फारसीतून अरबीत गेली, अरबीने तिला ‘सुक्कर’ केले आणि अरबांच्या उसाबरोबर ती अंदलूसच्या मळ्यांत पोचली. उसाच्या पावत्या लिहिण्यात जन्म गेलेल्या कारकुनाचा मुलगा कुर्तुब्यात बसून साखर हा शब्द पुन्हा शिकत होता. बाहेर आभाळ आले होते. बाई खिडकीकडे पाहून काहीतरी म्हणाल्या, त्यात ‘ओहाला’ हा शब्द आला. लेकीला फोन करून विचारले. “पाऊस न येवो असं म्हणतायत,” ती म्हणाली. ‘ओहाला’ म्हणजे अल्लाहने इच्छिले तर. बाईंच्या गळ्यात क्रूस होता. पाचशे वर्षांपूर्वी ज्यांची पुस्तके जाळली, ज्यांना हाकलले, त्यांची दुआ या माउलीच्या तोंडी अगदी सहज बसलेली होती.

मग वही भरत गेली. नगराध्यक्षाला इथे ‘अल्काल्दे’ म्हणतात, तो आपला काझी. जकात घेतली जाते ती ‘अदुआना’, म्हणजे दिवाण. ‘अल्ग्वासिल’ हा न्यायालयाचा शिपाई, मुळात वजीर. बिचाऱ्याची केवढी ही घसरण! औषधाचे गोड पातळ पाक ‘हाराबे’, आपल्या सरबताचा भाऊबंद. भावफलक तो ‘तारीफा’, ज्या धातूपासून आपली ‘तारीफ’ आली त्याच धातूचा. ‘नारान्हा’ म्हणजे नारिंग. एकीकडे काझी, दिवाण, वजीर, तारीफ, सरबत हे सगळे मराठीत येऊन कधीचे मराठी झाले, तसेच ते तिकडे स्पॅनिश झाले. कोणत्याही मराठी घरात ‘तारीख’, ‘हिशेब’ किंवा ‘वकील’ म्हणताना कोणी थबकत नाही.

अंकांची वाटही अशीच. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतले गणित बगदादला ‘सिंदहिंद’ या नावाने पोचले. त्यावर ख्वारिज्मीने ग्रहांची कोष्टके केली. ती मोजली होती उज्जैनच्या मध्यान्हरेषेवरून. इ.स. १०००च्या सुमारास मसलमा अल-मजरीती या विद्वानाने कुर्तुब्यात बसून ती सुधारली आणि त्यांतली काही कुर्तुब्याच्या रेषेला जुळवून घेतली. त्यांचे पुढे लॅटिनमध्ये भाषांतर झाले. टोलेडोचा काझी साइद अल-अंदलुसी याने १०६८ साली जगातल्या विद्याप्रेमी जमातींचा इतिहास लिहिला, त्यात पहिला मान दिला तो हिंदुस्थानाला. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता.

दुपारी आम्ही जुन्या किल्ल्यासमोरच्या मैदानात बसलो. इथे दोन हातांचे एक शिल्प आहे, एकमेकांना जेमतेम स्पर्श करणारे. ते कवयित्री वल्लादा आणि कवी इब्न ज़ैदून यांच्या प्रेमाचे स्मारक. अकराव्या शतकातली ही खलिफाची मुलगी, स्वतःच्या घरी कवींची बैठक भरवणारी. आणि तिच्या स्मारकासमोर जो किल्ला आहे, त्यात १४८२पासून पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ इन्क्विझिशनचे न्यायालय होते. घरात कोण शुक्रवारी अंघोळ करतो, कोण डुकराचे मांस टाळतो, कोण अरबीत बोलतो, याची चौकशी करणारे न्यायालय.

इथे बसून आम्हांला मोरिस्कोंचा विचार करावासा वाटला. १५०२च्या हुकुमाने कास्तिलच्या मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग, यांतले एक निवडायला लावले. बाप्तिस्मा घेतलेले ते मोरिस्को. १५६७च्या फर्मानाने अरबी बोलणे, लिहिणे, अरबी नावे, अरबी पोशाख यांवर बंदी आली. ग्रानाडाच्या बाजूला बंड झाले, ते मोडले गेले आणि १५७० नंतर तिथल्या मोरिस्कोंना देशभर विखुरले. त्यांतले पुष्कळ याच कोर्दोबात आणले गेले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख माणसे देशाबाहेर काढली.

यांतल्या फार मोठ्या संख्येला अरबी येतच नव्हते. विशेषतः उत्तरेकडच्या आरागोन आणि कास्तिलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश हीच त्यांची बोली होती. त्यांनी नमाजाचे नियम, पैगंबरांच्या गोष्टी, कुराणाचा अर्थ हे सारे स्पॅनिशमध्ये लिहिले, लिपी तेवढी अरबी. या लेखनाला ‘अल्हामियादो’ म्हणतात. १८८४ साली आरागोनमधल्या अल्मोनासिद दे ला सिएरा या गावी एक जुने घर पाडताना खऱ्या आणि खोट्या जमिनीच्या मधल्या पोकळीत अशी हस्तलिखिते सापडली. हद्दपार होण्याआधी कोणीतरी ती नीट दडवून ठेवली होती, परत यायच्या आशेने. काही पाने सापडली त्या वेळीच नष्ट झाली. उरलेली आज ग्रंथालयांत आहेत. जे लोक ट्युनिसला पोचले त्यांनी तिथेही धर्माची पुस्तके स्पॅनिशमध्ये लिहिली, कारण त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. स्पेनने त्यांना अरब म्हणून हाकलले आणि अरबांच्या मुलखात ते स्पॅनिश बोलत उतरले.

आमच्या वाचकांना हे वाचताना काय वाटेल, ते आम्हांला ठाऊक आहे. भाषा चांगली येणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा एक धडा आहे आणि तो कडू आहे. मोरिस्कोंनी स्पॅनिश कितीही छान बोलली तरी दारावरची थाप चुकली नाही. पण दुसरीही बाजू आहे. त्यांनी ती भाषा कोणाची मर्जी राखायला लिहिली नव्हती. राजाला दाखवायला लिहायची असती तर जमिनीखाली कशाला पुरली असती? आईच्या तोंडून जी आली, जिच्यात हिशेब केला, भांडण केले, मूल झोपवले, तिच्यातच त्यांनी अल्लाहचे नाव लिहिले. दुसरी कुठली लिहिणार? शेख महंमदांनी श्रीगोंद्याला बसून ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला तो याच काळाच्या आसपास. त्यांनाही कोणी विचारले असेल, मराठीत का? विचारणारे दोन्हीकडचे असतील.

संध्याकाळच्या गाडीने माद्रिदला परतलो. लेकीने विचारले, “अब्बा, मशीद कशी होती?” आम्ही मशीद सांगितली, खांब सांगितले, कठडा सांगितला. मग वही काढून शब्द वाचून दाखवले. बेचाळीस झाले होते. तिने त्यात आपल्या ऑफिसातले आणखी सहा भरले. अब्बा असते तर आम्ही त्यांच्यापुढे ही वही ठेवली असती आणि म्हटले असते, “ये देखो, अपनी.” ते रागावले असते की चष्मा पुसत बसले असते, सांगता येत नाही.

परवा एका लग्नात कोणीतरी पुन्हा म्हणाले, “सर, तुमचे मराठी फार छान आहे हो!” आम्ही म्हटले, “तुमचेही छान आहे.” ते क्षणभर पाहत राहिले आणि मग दोघेही हसलो.